बाथरूमच्या पंख्याची वाफ वळचणीतून बाहेर काढायची असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. मिशिगनमध्ये नव्वदच्या दशकातलं दुमजली घर तुम्ही नुकतंच घेतलंय. वरच्या मजल्यावरच्या ८ बाय १० फुटांच्या बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनची पांढरी प्लॅस्टिकची नळी ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, नुसतीच टाकून दिलेली आहे आणि तिच्या वरच्या प्लायवूडवर काळे डाग आहेत, असं इन्स्पेक्शनच्या अहवालात आलं. छत चारही बाजूंनी उतरतं, त्यामुळे गेबलची, म्हणजे छताच्या टोकाची त्रिकोणी, उभी भिंत कुठेच नाही. छताला भोक पाडायची तुम्हाला धास्ती वाटते. एका कंत्राटदाराने सुचवलं की नळी वळचणीपर्यंत न्यायची आणि तिथल्या भोकाभोकांच्या व्हायनिलच्या (प्लॅस्टिकच्या) पट्ट्यांवर तोंड करून ठेवायची, हवा आपोआप बाहेर जाईल. तुम्ही ११० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ११० घनफूट हवा काढणारा, नवा फॅनही आणून ठेवलाय. विचारताय की हे चालेल का.

कंत्राटदार म्हणतो तसं चालणार नाही. वळचणीतून हवा बाहेर काढता येते, पण ती वेगळ्या रीतीने आणि काही अटी पाळून. मी गेली अनेक वर्षं या भागात घरांच्या वायुवीजनाची आणि इन्सुलेशनची कामं करतो. वळचणीतून काढलेल्या नळ्या मी जितक्या बसवल्यात त्याहून जास्त दुरुस्त केल्यात, म्हणून कारणांसकट सविस्तर लिहितो.

तुमच्या घराची वळचण नेमकं काय काम करते, ते आधी पाहा. ॲटिकमधली हवा घरातून झिरपणाऱ्या उबेने आणि उन्हाने तापते, वर चढते आणि आढ्याजवळच्या व्हेंटमधून बाहेर पडते. तिची जागा घ्यायला बाहेरची थंड, कोरडी हवा वळचणीखालच्या भोकांतून आत ओढली जाते. ॲटिक कोरडं राहतं ते याच प्रवाहामुळे. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या संहितेत, म्हणजे आयआरसीमध्ये, याचं मापच दिलंय: ॲटिकच्या क्षेत्रफळाच्या १५०व्या भागाइतकी मोकळी जागा व्हेंटना हवी, आणि वर-खाली नीट वाटणी केलेली असेल तर ३००वा भाग पुरतो. म्हणजे वळचणीखालचं प्रत्येक भोक हे घराचं श्वास आत घेण्याचं ठिकाण आहे.

आता तिथे नळीचं तोंड नुसतं ठेवून दिलं तर काय होईल? फॅनची हवा भोकांकडे जाईल, पण भोकांतून हवा आत येत असते. नळीला ती भोकं घट्ट जोडलेली नाहीत, भोवती सगळीकडे मोकळी जागा आहे. वाफेला सोपा रस्ता मागे आणि वर, म्हणजे ॲटिकमध्येच. सध्या नळी बाथरूमच्या डोक्यावर वाफ सोडते, तेव्हा तीच वाफ वळचणीच्या कोपऱ्यात सोडेल. आणि छताचं प्लायवूड सर्वांत थंड असतं ते तिथेच. डाग आज मध्यावर आहेत, दोन-तीन हिवाळ्यांनी ते कडेला दिसतील आणि तिथली लाकडं कुजताना कुणाच्या नजरेलाही पडणार नाहीत.

किती पाण्याचा प्रश्न आहे तेही पाहा. २५ अंश सेल्सिअसच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. उणे १० अंशांना हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम मावतं. उरलेलं पाणी थंड तांब्याला बाहेरून सुटतं तसं जे काही थंड हाती लागेल त्यावर जमतं, आणि तापमान शून्याखाली असेल तर त्याचं हिम होतं. ५० सीएफएमचा फॅन मिनिटाला साधारण १.४ घनमीटर हवा फेकतो. वीस मिनिटांत २८ घनमीटर. बाथरूमची हवा सगळा वेळ पूर्ण दमट नसते हे धरून घनमीटरमागे दहाच ग्रॅम पाणी खाली राहिलं असं मानलं, तरी एका आंघोळीमागे पाव लिटरहून जास्त होतं. चार माणसांच्या घरात रोज लिटरभर. डिसेंबर ते फेब्रुवारी ते प्लायवूडवर आणि खिळ्यांच्या टोकांवर गोठून बसतं आणि मार्चमधल्या पहिल्या उबदार दिवशी एकदम वितळतं. छत गळतंय म्हणून लोक मला बोलावतात ते बहुतेक याच दिवसांत. शिंगल्स, म्हणजे छतावरच्या चपट्या कौलांसारख्या पट्ट्या, धडधाकट असतात, पाणी आतूनच आलेलं असतं.

पुण्या-नाशिकच्या घरांत हा प्रश्न आपल्याला कधी भेटत नाही, म्हणून इथे नवीन घर घेतलेल्या आपल्या लोकांच्या तो लक्षात यायला वेळ लागतो. तिकडे एक्झॉस्ट फॅन बाहेरच्या भिंतीतच बसवलेला असतो, फॅनच्या पात्यांपलीकडे थेट बाहेरची हवा. इथे फॅन खोलीच्या छतात असतो आणि त्याची हवा बर्फाइतक्या थंड माळ्यावरून प्रवास करून बाहेर पोचायची असते. तो प्रवासच सगळ्या अडचणींचं मूळ आहे. त्यातच भारतातून आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, थंडीत कढत पाण्याने सावकाश आंघोळ करतात, धुतलेले कपडे बाथरूममध्येच वाळत घालतात आणि आवाज नको म्हणून फॅन बंद करतात. यात त्यांची काहीच चूक नाही. त्यांना सोयीचं वाटेल असा फॅन आपण बसवायला हवा.

आता नियम. आयआरसीच्या एम१५०१.१ या कलमात म्हटलंय की यांत्रिक पद्धतीने काढलेली हवा घराबाहेरच सोडली पाहिजे. ॲटिक, सॉफिट (वळचणीची खालून बंद केलेली बाजू), रिज व्हेंट (आढ्यावरचा व्हेंट) किंवा क्रॉल स्पेसमध्ये (घराखालच्या बुटक्या पोकळीत) सोडायची नाही. मिशिगनची निवासी संहिता आयआरसीवरच आधारलेली आहे. कंत्राटदाराची सूचना इथेच बाद होते, कारण ती हवा सॉफिटच्या पोकळीत सोडणारी आहे. सॉफिटच्या आरपार जाऊन, खालच्या बाजूला घट्ट बसवलेल्या तोंडातून उघड्यावर हवा सोडणं ही वेगळी गोष्ट, आणि बहुतेक ठिकाणी ती मान्य होते. तरी काही शहरांचे इन्स्पेक्टर हे कलम कडक वाचतात आणि वळचणीतलं कुठलंही तोंड नाकारतात. म्हणून परवानगी काढताना बिल्डिंग डिपार्टमेंटला आधीच विचारा. अंतराचे नियमही लक्षात ठेवा: हवेचं तोंड शेजाऱ्याच्या हद्दीपासून आणि घराच्या खिडक्या-दारांपासून निदान ३ फूट लांब हवं; यंत्राने हवा आत घेणारं तोंड जवळ असेल तर त्यापासून १० फूट, नाहीतर त्याच्या ३ फूट वर. वळचणीच्या नेमक्या खाली बेडरूमची खिडकी असणं फार सामान्य आहे, तेव्हा जागा आखण्याआधी बाहेर उभं राहून एकदा वर बघून घ्या.

माझा पसंतीक्रम विचाराल तर सर्वांत वर गेबलची भिंत, मग छत आणि शेवटी वळचण. गेबल तुमच्याकडे नाहीच. छताची भीती मात्र तुम्ही धरलीय त्याहून कमी धरायला हरकत नाही. एक्झॉस्टसाठीची खास टोपी, तिची पत्र्याची पट्टी वरच्या शिंगल्सच्या आत आणि खालच्या शिंगल्सच्या वर, असं एखाद्या बऱ्या रूफरने बसवलं तर ती गळत नाही. बर्फाने गाडली जाणं आणि उभ्या नळीत जमलेलं पाणी परत फॅनमध्ये टपकणं, या तिच्या खऱ्या अडचणी. पुढच्या दोन-चार वर्षांत शिंगल्स बदलायच्या असतील, तर थांबून त्याच वेळी छतातून काढणं हा माझा सल्ला राहील. शिंगल्स अजून दहा-बारा वर्षं टिकणाऱ्या असतील आणि बाथरूम बाहेरच्या भिंतीला लागून असेल, तर वळचणीचा मार्ग समजण्यासारखा आहे.

वळचणीच्या कामात खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. पहिली, बाहेरची भिंत आणि छत जिथे भेटतात ती चिंचोळी जागा. दुसरी, बाहेर पडलेली वाफ शेजारच्या भोकांतून परत आत ओढली न जाणं.

पहिलीबद्दल. भिंतीच्या माथ्यावरचं लाकूड आणि छताचं प्लायवूड यांच्यामध्ये त्या काळच्या कैच्यांना (छत पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांना) पुष्कळदा ४ ते ६ इंचच उंची असते. याच फटीतून इन्सुलेशनच्या वरून हवा जावी म्हणून प्लॅस्टिकचे किंवा थर्माकोलचे बॅफल बसवलेले असतात. म्हणजे तुमची नळी, तिच्यावरचं इन्सुलेशन आणि प्लायवूड, सगळं तेवढ्यात बसवायचंय. इथे कामगार हमखास लवचिक नळी चेपून दामटतात. बाहेरून काम सुबक दिसतं, आत ४ इंचाची नळी २ इंचाची झालेली असते, आणि फॅन नुसता घरघरत राहतो.

फॅन आणि नळी यांची सांगड घालण्यासाठी आयआरसीमध्ये एक तक्ता आहे, आणि माझ्या मते प्रत्येक घरमालकाने तो एकदा पाहावा. ४ इंची लवचिक नळीवर ५० सीएफएमचा फॅन ५६ फुटांपर्यंत चालतो, पण ८० सीएफएम म्हटलं की हीच मर्यादा ४ फुटांवर येते. होय, चार फूट. गुळगुळीत पत्र्याची ४ इंची नळी घेतली तर ८० सीएफएमला ३१ फूट मिळतात, १०० सीएफएमला १० फूट, आणि त्यापुढे ४ इंच बसतच नाही. प्रत्येक कोपऱ्यामागे यातून १५ फूट वजा करायचे.

हे तुमच्या घराला लावून पाहा. बाथरूम ८० चौरस फुटांचं आहे. चौरस फुटामागे १ सीएफएम या नेहमीच्या हिशेबाने ८० सीएफएम पुरेसे. तुम्ही आणलेला ११० चा फॅन वळचणीच्या फटीतून जाईल अशा ४ इंची नळीवर चालणार नाही. पाकिटावर ११० लिहिलेलं असलं, तरी प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच खाली हवा निघेल आणि आवाज मात्र वाढेल. अनेक फॅनना आत एक छोटा स्विच असतो, त्यावर ५०, ८० किंवा ११० असा वेग ठरवता येतो. तुमचा तसा असेल तर ८० वर ठेवा, नसेल तर परत करून ८० चा आणा. आवाज १ सोनपेक्षा (सोन हे फॅनच्या आवाजाचं माप) कमी असलेला घ्या. जरा महाग पडतो, पण तो घरातले लोक बंद करत नाहीत.

नळीची आखणी अशी करा. फॅनचा डबा बसवतानाच त्याचं तोंड वळचणीच्या दिशेला ठेवा. मग तिथून भिंतीपर्यंत नळी सरळ जाते आणि एकच कोपरा लागतो, वळचणीत पोचल्यावर खाली वळायचा. गुळगुळीत ४ इंची नळीला ३१ वजा १५, म्हणजे १६ फूट उरतात. बाथरूमच्या मध्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत पाच-सहा फूट आणि वळचणीत एक-दीड फूट धरा. सहज बसतं. कोपरे दोन झाले तर मात्र १ फूट उरतो, म्हणजे काहीच नाही. डब्याचं तोंड चुकीच्या दिशेला बसवून मग नळी फिरवणं हा या कामातला सर्वांत स्वस्तात टाळता येणारा दोष आहे.

फट साडेपाच इंच किंवा जास्त असेल तर ४ इंची गोल नळी आणि तिच्यावर कडक फोमची पातळ पाटी एवढं मावतं. साडेचार ते साडेपाच इंच असेल तर ३¼ बाय १० इंचाची चपटी पत्र्याची डक्ट वापरा. ती इथल्या भिंतींमधून गरम हवा न्यायला वर्षानुवर्षं वापरली जाते, कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि गोल नळीला जोडायचे तिचे तुकडेही मिळतात. आतली जागा ६ इंची गोल नळीहून थोडी जास्तच असते, त्यामुळे हवेला अडचण होत नाही. २४ इंचांवर बसवलेल्या कैच्यांच्या गाळ्यात ती आरामात बसते.

नळी बाहेरच्या दिशेला फुटामागे पाव इंच उतरती ठेवा. कितीही इन्सुलेशन घातलं तरी कडाक्याच्या थंडीत थोडं पाणी नळीत जमणारच, ते बाहेर टपकलं पाहिजे, फॅनमध्ये नाही. सांध्यांना ॲल्युमिनियमची फॉइल टेप किंवा मॅस्टिक (सांधे बुजवायचा लेप) लावा. ज्या कापडी टेपला डक्ट टेप म्हणतात ती डक्टला लावू नका, दोन उन्हाळ्यांत तिचा डिंक सुकून ती सुटते. नळीभोवती आर-८ चं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) इन्सुलेशन गुंडाळा आणि शक्य तिथे ती ॲटिकच्या इन्सुलेशनमध्ये पुरून टाका. नळी जितकी खाली, तितकी उबदार. सध्याची पांढरी प्लॅस्टिकची नळी काढून फेका, तिचा कुठलाही तुकडा वापरू नका. लवचिक नळी वापरायचीच असेल तर फॅनजवळ फूटभर, थरथर नळीत जाऊ नये म्हणून, आणि तीही पूर्ण ताणून.

आता दुसरी परीक्षा, आणि माझ्या मते हीच मोठी. समजा तुम्ही सगळं नीट केलं, झडप असलेलं तोंड सॉफिटच्या खाली बसवलं. बाहेर पडलेली हवा २०-२२ अंशांची, दमट. भोवतालची उणे ८. ती खाली फेकली तरी हातभर अंतरावर वेग संपतो आणि ती वर वळते. तिच्या डोक्यावर काय आहे? भोकाभोकांचं व्हायनिल, जे हवा आत ओढतंय. वारा त्या भिंतीवर येत असेल तर तो ती वाफ आणखी वर दाबतो. असं घर मी ॲटिकमधून पाहतो तेव्हा नळीच्या दोन्ही बाजूंच्या गाळ्यांतलं प्लायवूड काळं आणि नळीचा गाळा मात्र स्वच्छ असतो. त्यावरून लगेच कळतं की वाफ एकदा बाहेर जाऊन परत आत आली.

म्हणून तोंडाच्या दोन्ही बाजूंना मी निदान ४-४ फूट सॉफिट बंद करतो. भोकांचे व्हायनिलचे तुकडे काढून त्याच मापाचे अखंड तुकडे बसवायचे. पण एवढ्यावर थांबलात तर काम अर्धंच झालं. व्हायनिलच्या वरची वळचणीची पोकळी बहुतेक घरांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी असते. खालून आठ फूट बंद केले तरी शेजारून हवा त्या पोकळीत शिरून आडवी सरकत येते, आणि नळीचा एखादा सांधा सुटला तर वाफही तशीच आडवी पसरते. त्यामुळे बंद केलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना, व्हायनिलच्या वर, कडक फोमचे किंवा प्लायवूडचे पडदे बसवून कडा फोमने सील करायच्या. नळीचा स्वतःचा गाळाही भिंतीच्या माथ्यावर तसाच बंद करायचा. त्या गाळ्यातून हवा आत घ्यायचीच नाहीये.

यामुळे ॲटिकला हवा कमी पडेल का, अशी शंका तुम्हाला येईल. ४० बाय ३० फुटांचं घर धरलं तर वळचणीची एकूण लांबी १४० फूट. आठ फूट गेले, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. बाकीच्या भोकांवर जुनं इन्सुलेशन पसरून ती बुजलेली नाहीत ना, एवढं मात्र पाहून घ्या. ते मी बहुतेक घरांत पाहतो, आणि मोकळं करायला बॅफलच लागतात. तिथे मिळणारी हवा या आठ फुटांहून कितीतरी जास्त असते.

तोंड निवडताना त्याला गोल कॉलर हवी, म्हणजे नळी त्यात घुसवून स्क्रूने आणि टेपने पक्की करता येते. हवा भिंतीपासून लांब, बाहेरच्या दिशेला फेकणारं घ्या. उघडमीट होणारी झडप आणि पक्ष्यांसाठी जाळी हवी, पण जाळीची भोकं पाव इंचाहून बारीक नकोत. बारीक जाळी धुळीने वर्षात बुजते. नुसत्या व्हायनिलमध्ये स्क्रू धरत नाहीत, म्हणून वरून प्लायवूडचा तुकडा आधाराला लावा. वळचण दीड फुटाहून अरुंद असेल तर वाफ भिंतीला घासत वर जाते आणि हिवाळ्यात साइडिंगवर बर्फाचे ओघळ दिसतात. तेव्हा वळचण जितकी रुंद, तितका हा मार्ग बरा.

कपड्यांच्या ड्रायरची किंवा स्वयंपाकघरातल्या हूडची नळी याच तोंडाला किंवा वळचणीच्या दुसऱ्या तोंडाला जोडायचा मोह टाळा. ड्रायरमधून कापसासारखी धूळ येते, हूडमधून फोडणीचं तेल. दोन्ही आगीला आमंत्रण आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

फॅनच्या डब्याभोवती ड्रायवॉलमध्ये (खोलीच्या छताच्या जिप्समच्या पाटीत) जी फट राहते ती वरून फोमने किंवा कॉकने (फटी बुजवायच्या लुकणाने) भरून घ्या. ही गोष्ट फार लोक सोडून देतात, आणि मग फॅन बंद असतानाही बाथरूमची उबदार हवा चोवीस तास त्या फटीतून माळ्यावर चढत राहते. बाथरूमच्या दाराखाली पाऊण इंचाची फट ठेवा, नाहीतर फॅनला ओढायला हवाच मिळत नाही. स्विचच्या जागी टायमर किंवा आर्द्रतेवर चालणारा स्विच लावा आणि आंघोळीनंतर फॅन वीस ते तीस मिनिटं चालू द्या. संहितेप्रमाणे मधूनमधून चालणाऱ्या फॅनला किमान ५० सीएफएम, आणि सतत मंद चालणाऱ्याला २० सीएफएम लागतात. घरात माणसं जास्त असतील तर सतत मंद चालणारा फॅन मला जास्त आवडतो, कारण कुणी काही लक्षात ठेवावं लागत नाही. फॅन शॉवरच्या वर येत असेल तर तो तसल्या जागेसाठी प्रमाणित आहे का आणि त्याला जीएफसीआयचं (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणाऱ्या स्विचचं) संरक्षण लागतं का, हे माहितीपत्रकात पाहा. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पाणी तापवायचा गॅसचा हीटर जुन्या पद्धतीचा, चिमणीतून आपोआप धूर सोडणारा असेल तर एक काळजी घ्या. दोन बाथरूमचे फॅन आणि स्वयंपाकघरातला मोठा हूड एकदम चालले की घट्ट घरात हवेचा दाब घटतो आणि त्या चिमणीतला धूर उलटा घरात येऊ शकतो. सगळे फॅन चालू करून हीटरची तपासणी करून घ्या, आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर असू द्या.

काळ्या डागांबद्दल तुम्ही घाबरून लिहिलंय. आधी वाफ थांबवा, मग डागांकडे बघा. उलट क्रमाने केलं तर पैसे वाया जातात, डाग पुढच्या हिवाळ्यात परत येतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक प्लायवूडवर दाबून पाहा. लाकूड टणक लागलं तर ते वाळल्यावर तसंच राहू द्यायला हरकत नाही; टोक आत शिरलं तर तेवढा तुकडा बदलावा लागेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, सल्ला असा की १० चौरस फुटांहून कमी बुरशी घरमालक स्वतः साफ करू शकतो. त्याहून जास्त असेल तर जाणकाराला बोलवा. खालचं इन्सुलेशन भिजून दबलं असेल तर ते काढून नवीन घाला. हे वाचणाऱ्या ज्यांची घरं १९९० च्या आधीची आहेत, त्यांनी ॲटिकमध्ये चमकदार खड्यांसारखं वर्मिक्युलाइट दिसलं तर त्याला हात लावू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासणी करून घ्यावी.

काम झाल्यावर टॉयलेट पेपरचा तुकडा जाळीला चिकटतो का, एवढीच परीक्षा कंत्राटदार दाखवतात. तेवढ्याने फॅन फिरतोय हे कळतं, हवा किती जाते ते कळत नाही. त्याला हवामापकाचा डबा लावून आकडा दाखवायला सांगा. ८० च्या फॅनला ७० च्या वर मिळाले तर मी समाधानी असतो. आणि नळी इन्सुलेशनखाली गाडण्याआधी तिचे, सांध्यांचे आणि पोकळीतल्या पडद्यांचे फोटो काढून घ्या. नंतर ते कुणाला दिसणार नाही, इन्स्पेक्टरलाही.

सर्वांत चांगली परीक्षा फुकटची आहे. कडाक्याच्या थंडीच्या सकाळी घरात कुणीतरी गरम शॉवर घेत असताना अंगणात उभे राहा. वाफ धुक्यासारखी स्पष्ट दिसते. ती तोंडातून निघून कुठे जाते ते दोन मिनिटं बघा. लांब जाऊन विरली तर काम झालं. सॉफिटला चिकटून आडवी सरकत भोकांच्या भागापर्यंत पोचत असेल, तर ज्या बाजूला सरकते त्या बाजूचं सॉफिट आणखी दोन-तीन फूट बंद करा आणि परत बघा. जानेवारीत एकदा टॉर्च घेऊन ॲटिकमध्येही जा, फक्त कैच्यांच्या लाकडांवरच पाय ठेवा, आणि नळीच्या दोन्ही शेजारच्या गाळ्यांतल्या खिळ्यांची टोकं पाहा. पांढरी दिसली तर कुठून तरी ओल अजून येतेय. बहुतेक वेळा फॅनच्या डब्याभोवतीची फट राहून गेलेली असते.

कंत्राटदाराला होकार द्यायच्या आधी मला एकच माप पाठवा: बाहेरच्या भिंतीच्या बरोबर वर, भिंतीचा माथा आणि छताचं प्लायवूड यांच्यामधली उंची. माळ्यावर जाऊन टेप लावून मोजा, अंदाजाने सांगू नका, आणि वळचणीची बाहेरची रुंदीही सोबत लिहा. उंची साडेचार इंचांहून कमी निघाली तर वळचणीचा विचार सोडा आणि रूफरला बोलावून छतातूनच काढा. तिथे ६ इंची नळी बसते आणि तुमचा ११० चा फॅनही परत करावा लागणार नाही.